बाबांच्या डबीतला कफ

५ फेब्रुवारी
सकाळपासून लॅबमध्ये कफाच्या अठरा डब्या. चारांत नुसती लाळ! परत पाठवल्या. लोकांना कितीदा सांगायचं—थुंकी नको, छातीतला कफ हवा. उद्या बाबांची डबी. चाळीस वर्षं सिगारेट, दहा वर्षं खोकला.

६ फेब्रुवारी
बाबांची स्लाइड मीच पाहिली. सुंदर! सुयांसारखे स्फटिक, कफाचे पीळ, लाल दाण्यांच्या पेशींची ही गर्दी. पुस्तकात छापावा असा दमा. डॉक्टर खूश—"पंपाने चांगला आराम पडेल." जेवताना बाबांनी दोनदा ऐकवलं, "उगाच सिगारेटला नावं ठेवत होतात."

१९ फेब्रुवारी
पंप चालू. खोकला जैसे थे.

२० फेब्रुवारी
ती स्लाइड पुन्हा काढली. सिगारेट ओढणाऱ्याच्या कफात सफाईच्या पेशी काळपट कणांनी भरलेल्या असतात. इथे एकही नाही. चाळीस वर्षांचा धूर गेला कुठे? हे पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं. निकाल आवडला, म्हणून पुढे पाहिलंच नाही मी.

घरी विचारलं. बाबांनी पेपरात तोंड खुपसलं. आईच बोलली—"त्यांचा कफ पडेना. मुलीच्या लॅबमध्ये रिकामी डबी कशी द्यायची, म्हणाले. मग मी दिला. माझा रोज सकाळी पडतोच की."

रोज! कधीपासून? "तू शाळेत होतीस."

बाबांच्या खोकल्यापुढे तिचा कधी ऐकूच आला नाही. आणि मी दिवसभर परक्यांचे कफ तपासते! लाज वाटली. ओरडले मात्र त्या दोघांवर.

२१ फेब्रुवारी
डॉक्टरांना सगळं सांगितलं. आधी हसले, मग दोघांनाही लगेच बोलावलं. आईला तपासून पंप दिला. बाबांना मिठाच्या पाण्याची वाफ देऊन कफ काढला. डबी भरेपर्यंत मी समोरून हलले नाही. बाबा म्हणाले, "पोलिसात जायचीस तू."

२४ फेब्रुवारी
आई जिना न थांबता चढली. वर पोचून माझीच वाट पाहत उभी.

२५ फेब्रुवारी
बाबांची स्लाइड. काळे कण भरपूर. त्यांच्या मधोमध कॅन्सरच्या पेशी. तीनदा पाहिल्या. लॅबच्या डॉक्टर मॅडमना दाखवल्या. त्यांनी सही केली. एकोणीस दिवस फुकट गेले.

बाबा बाहेर बाकावर बसले होते. मला पाहून हसले—"काय गं, या खेपेला माझाच ना?"

हो म्हटलं.