भिंतीवरची काळी माय

माय, दादाच्या बैठकीत बारा वर्षांपासून टांगलेला तुहा फोटो धुरानं काळा पडला नाही. तो मी काळा केला. चिखलीच्या स्टुडिओत फोटोवाल्याच्या बाजूले उभी राहून, माह्या डोळ्यासमोर करून घेतला. आजवर कोणाले सांगतलं नाही. काल दादाचा फोन आला, डोकं फिरलं, म्हणून लिहून राह्यली. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर वाकडं येईन. तसंही माहं सरळ असं तुले काहीच दिसलं नव्हतं.

तू गोरी होती. केळीच्या गाभ्यासारखी, असं बाया म्हणायच्या, अन् तू उगाच पदर सारखा करायची. दादा तुह्यावर गेला, मी बापावर. बापाले कोणी कधी काळा म्हटलं नाही. त्याच्या रंगाचं सारं बोलणं माह्या वाट्याले आलं. दर रविवारी तू बेसन, हळद अन् दुधावरची साय कालवायची, मले चुलीजवळ पाटावर बसवायची अन् तोंड चोळायची. वाळलं की चामडी ओढायची, हसता येत नव्हतं. तू हनुवटी धरून उजेडाकडे फिरवायची अन् पाहायची, निघालं का काही. काही निघत नव्हतं. मंग तुहा श्वास सुटायचा, भाकरी करपल्यावर सुटते तसा. घरी पाहुणे आले की मी मागच्या खोलीत. काऊन, ते मले इचारावं लागलं नाही कधी.

मी एकोणीसची झाली तशी तू मले एसटीनं चिखलीले नेलं. तुही जांभळी साडी मले नेसवली. फोटोवाल्यानं तोंडावर पावडर थापली, दोन दिवे लावले. तू त्याले म्हटलं, "भाऊ, जरा उजळ काढजा, पोरीची जात आहे." त्यानं फोटो धुतल्यावर बारक्या ब्रशनं गाल पांढरे केले. आठ दिवसांनी हाती आला तं मी स्वतःले ओळखलं नाही. ज्वारीच्या पिठात तोंड घातल्यासारखी कोणी एक बाई बसली होती. तू मात्र तो फोटो छातीशी धरला. माह्या आठवणीत तू मले तसं कधी धरलं नाही.

फोटो खामगावकडच्या घरी गेला अन् पसंत आला. आपल्याकडे पहिले फोटो जाते, मागून पोरगी दाखवतात, हे काय तुले माहीत नव्हतं? जीप भरून लोक आले. मी पोह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. पोराच्या आत्यानं पिशवीतून फोटो काढला. एकदा फोटोकडे पाह्यलं, एकदा माह्याकडे, अन् अगदी साध्या आवाजात म्हटलं, "फोटोतली पोरगी कुठं आहे? तिले आणा." त्या वक्ताले तू एक शब्द बोलायले पाहिजे होता, माय. हेच माही पोरगी आहे, एवढंच. तू काय बोलली? "वावरात काम करून रापली हो. लग्नापर्यंत निघून जाईन." मी म्हणजे जसा धोतरावरचा चहाचा डाग. लोकायनं पोहे सारे खाल्ले, चहा दोनदा मागतला अन् निघून गेले. तू ट्रे उचलता उचलता मलेच म्हटलं, "जरा सावलीत बसली असती तं काय झालं असतं?"

तोच फोटो तू अजून तीन घरी पाठवला. तिन्ही बारीले मी ट्रे घेऊन गेली, तिन्ही बारीले त्या पांढऱ्या बाईसंगं मले ताडून पाह्यलं. पाचव्या माणसानं फोटो मागतलाच नाही. म्हणे, मले फोटोसंगं थोडीच राह्याचं आहे. तोच माहा नवरा. तू लग्नात साऱ्यायले सांगत फिरली, देवमाणूस आहे, पदरात घेतलं आमच्या पोरीले. त्यानं दुसऱ्या दिवशी मले इचारलं, तुही माय असं काऊन बोलते वं?

मंग तू गेली. तेरवीच्या आधी दादानं तुहा बारका फोटो माह्या हाती देला, मोठा करून आण म्हणे. तोच स्टुडिओ, तोच माणूस, केस पांढरे झालेले. ब्रश जाऊन कॉम्प्युटर आला होता. त्याच्या तोंडात बसलेलं, म्हणे, "बाई, गोरं करू का?" मी म्हटलं, "गोरीच आहे ते. काळी करा." त्याले वाटलं, मी चुकून बोलली. त्यानं पुन्हा इचारलं, किती करू. मी बाही वर सारली, माहा हात कॉम्प्युटरच्या काचेले टेकवला. "एवढी."

बारका फोटो मी तुह्याच पेटीत तळाशी टाकला. तेरवीले तू हार घालून बसली, माह्या रंगाची. बाया हात जोडायच्या अन् हळू बोलायच्या, आजारपणानं किती काळी पडली बिचारी. मी ऐकत होती अन् बुंदी खात होती, दोनदा वाढून घेतली. म्हटलं, आता बस इथं. आता तुले पाहू दे साऱ्यायले. तेवढ्यात मामीनं फोटोकडे अन् माह्याकडे पाह्यलं अन् म्हटलं, "अवं, लेक तं हुबेहूब मायच आहे. इतकी वर्षं ध्यानातच नाही आलं." तेच कपाळ, तेच नाक, डावा डोळा तसाच जरा बारीक. मले लय राग आला. मी बदला घ्यायले गेली होती, तुह्यासारखी दिसायले नाही.

काल दादा फोनवर म्हणे, येत्या रविवारी त्याच्या पोरीले पाहायले येऊन राह्यले. पोरगी तं आत्यावर गेली, काळी निघाली. पेटीत मायचा जुना फोटो सापडला, किती गोरी होती माय, तोच मोठा करून लावतो. हा काळा पडलेला पाहुण्यायले दिसला तं सारं घराणंच काळं वाटीन. मी त्याले पुरतं बोलू देलं. मंग म्हटलं, दादा, तो फोटो भिंतीवरून उतरला तं रविवारी पोह्याचा ट्रे घेऊन मी येईन बाहेर. अन् त्यायले सांगीन, पोरगी माह्यावर गेली, मी मायवर गेली, अजून कोणाले पाह्याचं आहे? तं दादा म्हणे, राहू दे बाप्पा, राहू दे तिथंच.

तं तू तिथंच आहे, माय. रविवारी तुही नात तुह्याखाली बसून चहा देईन, अन् त्यायले दोघी सोबतच पाहाव्या लागतीन. तिचा फोटो कुठंच पाठवू देला नाही मी. अन् मी आता देऊळगाव राजाकडे शेडनेटात मिरचीचं क्रॉसिंग करते, एका फुलाचा पराग दुसऱ्याले हातानं लावते. दहा वर्षं झाली सावलीत. निघून जाईन म्हटलं होतं ना तू? काहीच निघालं नाही. वरतून ये अन् पाह्य.

हे पत्र पिठाच्या डब्याखाली ठेवून राह्यली, कुठं टाकायचं आहे थोडीच. एकच गोष्ट राह्यली. लहानपणी शनिवारी दुपारी मी डोक्यावरचा रुमाल काढून वावरात उभी राहायची, भर उन्हात, मुद्दाम. तू इचारलं तं इसरली म्हणायची. रविवार सोडून तू माह्या तोंडाले कधी हात लावत नव्हती.