पितृपक्षातला व्हॅक्यूम

मंगळवार, संध्याकाळ

चाकणच्या कंपनीतून घरी आले तेव्हा माझी मुलगी ईरा टीव्हीवरच्या गेममध्ये व्हॅक्यूमने भुतं ओढत होती. शेजारी सासूबाई, म्हणजे आमच्या आई. परवा सासऱ्यांचं श्राद्ध. ईराला गेममधल्या त्या व्हॅक्यूमला जास्त ओढीची नवी नळी घ्यायची होती.

"पितृपक्षात नवीन काही घेत नाहीत," आई म्हणाल्या. "आणि भुतं तर पकडूच नकोस. आजोबा यायचे आणि तू ओढून घ्यायचीस."

ईरा हसली. "आजी, दुसरी पण नळी आहे. ती आतलं भूत बाहेर सोडते."

आई पडद्यावरच्या भुताच्या निळसर धुराकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती घे."

हा नुसता खेळ आहे, हे मी सांगायला हवं होतं का? मीही बसले, नळीतून कोण बाहेर येतंय ते बघत.