बदामाच्या सालींचा रंग आणि बाहेरचं कुलूप

नागपूर, १२ एप्रिल २०२४

ती. यमुताईस कृष्णकांतचा शि. सा. नमस्कार.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून ओरडायचं ते कागदावर ओरडतो. मला कोंडलं आहे! तुझा लाडका भाचा ऋषी आणि त्याची अदिती साडेनऊला ऑफिसला निघतात आणि दाराला बाहेरून कुलूप घालतात. संध्याकाळी सातपर्यंत मी आणि पंखा. गॅसचा रेग्युलेटरसुद्धा सूनबाई पर्समध्ये घालून नेते.

गुन्हा काय? तुझ्या झाडाच्या देशी बदामाच्या साली मी दोन दिवस भिजवल्या, तासभर उकळल्या, रंग गाळून कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरला आणि झाकण घट्ट लावलं. चौथ्या दिवशी बाटली फुटली. नव्या भिंतीवर पार छतापर्यंत तपकिरी फवारे. एवढ्यासाठी जन्मठेप! मला मौद्याला घेऊन जा, ताई. अंगणात कापड रंगवत बसेन. इथे जीव घुसमटतो.

साली संपल्या आहेत, पोतं पाठव. कचरा न्यायला येणारी कौसल्या हे पत्र जाळीच्या दारातून नेईल. तीही विचारते की बाबूजी, तुमाले काहून कोंडून ठेवते.

माया आटू देऊ नकोस.
तुझा कृष्णा

मौदा, १७ एप्रिल

चि. कृष्णास अनेक आशीर्वाद.

गाढवा, सत्तरी ओलांडलीस तरी अक्कल नाही आली. रंग आंबतो, त्यात वायू धरतो, हे दहादा सांगितलं होतं. झाकण सैल ठेवायचं आणि आत चार लवंगा टाकायच्या, म्हणजे बुरशी येत नाही. त्याहून बरं म्हणजे रंग साठवूच नये. साली कडक वाळवून ठेवाव्या, लागतील तेवढ्याच भिजवाव्या. गॅस नसला तर नसू दे. काचेच्या बरणीत साली, पाणी आणि कापड घालून बाल्कनीत ठेव. आपल्याकडचं ऊन चार दिवसांत काम करतं. गंजका खिळा टाकलास तर छान करडा रंग येईल.

पोतं पाठवते. सोबतची चिठ्ठी अदितीला दे. सासऱ्याला जनावरासारखं कोंडताना लाज कशी वाटत नाही, असं मी तिला स्पष्ट विचारलं आहे. धीर धर, मी तुला न्यायला येते.

जिवाला जप.
तुझी ताई

नागपूर, २४ एप्रिल

ती. आत्यांना अदितीचा सा. नमस्कार.

चिठ्ठी वाचून आधी राग आला, मग रडू. बाटली फुटली तेव्हा आम्ही तिघंही पोट धरून हसलो होतो. भिंतीवरचे डाग मी अजून पुसलेले नाहीत. कुलूप त्यासाठी नाही.

साली उकळायला ठेवून बाबा तीनदा विसरले. तिसऱ्या वेळी पडदा पेटला. होळीच्या आधी ते एकटेच बाहेर पडले. ऋषीला गांधीबागेत सापडले, जिथे त्यांनी तीस वर्षं नोकरी केली त्या दुकानाच्या बंद शटरसमोर, अनवाणी. मालक किल्ली घेऊन येतोय, म्हणाले. डॉक्टरांनी विस्मृतीचा आजार सांगितला आहे. ताईला कळवू नका, अशी बाबांनी शपथ घातली होती. आता ती शपथही त्यांना आठवत नाही.

सोबतीला ठेवलेल्या दोन बायका साली चोरतात, असा आळ घेऊन बाबांनीच पळवून लावल्या. तुमची चार पोती दिवाणाखाली तशीच आहेत. मौद्याला न्यायचं म्हणता, पण तुमच्या अंगणाला फाटक नाही आणि समोर हायवे आहे. रोज कुलूप लावताना ते जाळीतून बघत असतात आणि मी लिफ्टमध्ये रडते. दुसरा मार्ग असेल तर सांगा, आजच कुलूप काढते.

रागावलात तरी आपलं माना.
अदिती

मौदा, २९ एप्रिल

चि. कृष्णास अनेक आशीर्वाद.

अदितीची वेगळ्या पत्रात माफी मागितली आहे. तूही तिला बोल लावू नकोस. तुला इथे आणायचं लिहिलं होतं, ते जमणार नाही. रागाव हवं तर. तू उठून निघालास तर मला पाऊल ऐकू यायचं नाही. म्हणजे कुलूप मलाही लावावं लागेल.

म्हणून रविवारी मीच येते, कायमची. रंगाची लोखंडी कढई शेजारच्या सिंधूताईला दिली, झाडही तिच्या हवाली केलं. जड गेलं, खोटं कशाला बोलू? त्या झाडापासून मी आजवर सलग आठ दिवसही दूर राहिले नाही.

कोणी दार वाजवलं तर तू मला सांगायचं, बरणीत काय भिजत घातलंय ते मी तुला सांगीन. दोघं मिळून एक माणूस पुरता होईल. साली आणत नाही, दिवाणाखालच्याच दोन वर्षं पुरतील.

मी आत आहे एवढं बघून सकाळी कुलूप लाव, असं अदितीला कळवलं आहे. तुला बाहेर काढायची ताकद माझ्यात नाही रे, कृष्णा. आत येऊन तुझ्याजवळ बसायची आहे.

हे पत्र विसरलास तरी माझा लोभ तेवढाच.
तुझी यमुताई