न सुटणाऱ्या मिरच्या

प्रिय आई,

तुझा हात कपाळाला लावते. मी बरी आहे, पोटभर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे?

यंदाही बैरामच्या सणाला मला माहेरी पाठवायचं नाही, असं ठरलं. म्हणून मी डोईच्या रुमालाला क्रोशाने लाल मिरच्यांची किनार विणली. मिरच्या दिसल्या की सून घरच्यांवर चिडली आहे, हे इथल्या बायकांना सांगावं लागत नाही. सासूबाईंनी धागा ओढून सगळ्या उसवल्या.

मग शेजारच्या हाजेरमावशींनी मला बोटभर धोट्यावर धागा गुंडाळून मारायच्या गाठी शिकवल्या. म्हणाल्या, "ही गाठ तुझ्यासारखीच हट्टी, ओढशील तितकी आवळते." आता मिरच्या धोट्याच्या, त्यांना जोडणारी साखळी तेवढी क्रोशाची.

काल सासूबाईंनी पुन्हा धागा ओढला. साखळी सुटली, मिरच्या मांडीवर पडल्या, पण एकही उसवली नाही. त्यांनी कात्री उचलली. मी म्हटलं, "कापा. परवा गल्लीतल्या लग्नात बायकांना तुकडे दाखवते."

त्यांनी कात्री परत डब्यात ठेवली. मग म्हणाल्या, "माहेराहून येताना ऑलिव्ह आण."

ऑलिव्ह मुरत घाल. पण साखळी मी परत विणली आहे आणि लग्नात रुमाल बांधणारच. त्यांचा शब्द अजून क्रोशाचा आहे.

धाकटीला पापा.

तुझी हट्टी
नाझमिये