हात गेले नव्हते

बाबा, तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहीन लिहीन म्हणतोय आणि टाळतोय. वेळ नाही असं स्वतःला सांगायचो, खरं म्हणजे धीर नव्हता. पण आज सकाळी जे झालं ते ज्याला कळेल असा दुसरा माणूसच मला आठवेना.

मी अमेरिकेत आहे, ओहायोत, डब्लिनला. दहावीला दोनदा आपटलेला तुमचा मुलगा इथवर कसा आला ती मोठी कथा आहे, त्यात एक मोटेल आहे आणि एक बिघडलेली बस आहे, ते राहू दे. सध्या नागपूरच्या एका काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहतो आणि मागच्या गल्लीतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्याच्या गराजमध्ये सुतारकाम करतो. त्याच्याकडे स्वतः बनवलेली ठासणीची बंदूक आहे. तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, आणि कुशीला असतं लॉक, म्हणजे बार उडवायची कळ. चाप ओढला की घोडा पडतो, त्याच्या चोचीतली गारगोटी पोलादी पात्यावर घासते, ठिणग्या वाटीतल्या रंजकावर, म्हणजे चिमूटभर बारीक दारूवर, पडतात आणि बाजूच्या भोकातून आग आत शिरते. म्हाताऱ्याचं लॉक तीस वर्षांचं. खट्, मग फुस्स, मग कधीतरी ढुम! तेवढ्यात नेम हलतोच. गेल्या महिन्यात त्याच्या बंदूकवाल्यांच्या क्लबात, जिथे सगळे जुन्या शिकाऱ्यांसारख्या कातडी टोप्या घालून येतात, त्याने पाच बार टाकले. दोन उडालेच नाहीत, तीन नेमाच्या फळीच्या बाहेर गेले. घरी येऊन बंदूक माझ्या हातात दिली. म्हणाला, "माझे हात गेले, पोरा. विकून टाक." त्यानंतर गराजचं दार काही उघडलं नाही.

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं.

आपलं स्वयंपाकघर. रविवारची दुपार. उजेड चांगला म्हणून तुम्ही खिडकीखाली बसून कुणाची तरी किल्ली घासताय, आई स्टोला पंप मारतेय. मी कानस घेतो आणि पुढेमागे खसाखसा ओढतो. तुमची टपली बसते. "कानस आहे ती, खराटा नाही! पुढे जाताना कापते, मागे येताना उचलायची." मग वर्षभराने, त्याच खिडकीखाली, तुम्ही एक किल्ली चारदा घासता आणि ती बसत नाही. तुम्ही आपल्या बोटांकडे बघत राहता. "हात गेले माझे," एवढंच म्हणता. सोमवारी कारखान्यात फिटरचं काम सोडून स्टोअरला बदली मागता, आणि ती बारीक कानस मला देऊन टाकता.

तर मी बंदूक विकली नाही. म्हाताऱ्याला न विचारता कॅटलॉगमधून नवं लॉक मागवलं! बाबा, काय चीज आहे ती! जुन्याची स्प्रिंग मेलेली, पातं मऊ पडलेलं. नव्याची स्प्रिंग अशी कडक की घोडा बोटाला झटका देतो, पातं पाणी दिलेलं, ठिणग्या पांढऱ्या पडतात. पण ते लाकडातल्या जुन्या खाचेत बसेना. मग लॉकच्या पट्टीला दिव्याची काजळी फासायची, लाकडावर दाबायची, काळं लागेल तेवढंच खरवडायचं. दोन भाग नीट जुळतात का ते तुम्ही निळा रंग लावून बघायचात तसंच की! बारा दिवस हेच केलं. काकू वरून म्हणायच्या, "काय रे बाप्पा, बाकीची पोरं कॉम्प्युटर शिकून राहिली, अन् तू काजळ बनवून राहिला? कोणाच्या बारशाला?" लॉक एक केसभर वर बसलं असतं तरी वाटी भोकाखाली आली नसती, सगळं लाकूड वाया.

आज सकाळी क्लबाच्या मैदानावर गेलो. चाप ओढला आणि ढुम! मधे काही नाहीच! खट् ऐकूच आलं नाही. दहापैकी दहा उडाले, आणि मी, ज्याने आयुष्यात नेम धरला नाही, त्याने सात फळीवर मारले. तिथूनच म्हाताऱ्याला फोन लावला. उचलला नाही. आन्सरिंग मशीनवर ओरडलो, "तुमचे हात गेले नव्हते, लॉक गेलं होतं!"

एवढं बोललो आणि फोन बंद केला. कारण तुमची कानस माझ्या पिशवीत आहे, बाबा, अजून. तिचे दात गुळगुळीत आहेत. त्या न बसलेल्या किल्लीच्या आधी, तुम्ही ड्यूटीवर असताना, कैऱ्या कापायला चाकू हवा म्हणून मी तिच्यावर लोखंड कापायच्या करवतीचं तुटकं पातं घासलं होतं, दोन दुपारी. ते पोलाद तिच्याइतकंच कडक, तिचेच दात झिजले. वीस वर्षं सोबत असलेल्या कानशीवर तुम्ही संशय घेतला नाहीत, स्वतःवर घेतलात. मी समोर बसलो होतो. मार बसेल म्हणून बोललो नाही, आणि नंतर स्टोअरमध्ये तुम्ही नुसते नटबोल्ट मोजत बसायचात ते बघूनही बोललो नाही. परक्या म्हाताऱ्याला मात्र वेळेवर सांगितलं.

हे पत्र कुठे टाकणार? कानशीबरोबर पिशवीत राहील.

थांबा, काकू जिन्यातून हाका मारतायत. "अरे, तुझा म्हातारा आला ना! डोक्यावर कसलीशी कातडी टोपी घालून दारात उभा आहे. माझी बंदूक कुठाय म्हणते!"