हितचिंतकाचं पत्र

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. बापूदादास,
सुलक्षणाचा शि. सा. न. वि. वि.

तुझी व्हॅन आज लवकर आली, भाजणीचे डबे मिळाले. हे पत्र तुझ्या ड्रायव्हर हम्मादभाईंच्या हाती देते आहे, कारण माझा व्हॉट्सअॅप पर्णिकाच्या लॅपटॉपला जोडलेला आहे आणि हे लेकीने वाचायला नको. हस खुशाल. साठीला आलेली बहीण फरसाणाच्या व्हॅनमधून चिठ्ठ्या पाठवते म्हण.

दुबईत ऊद मेथ्याच्या हॉलमध्ये २२ नोव्हेंबरला तिचं व्याख्यान ठरलं होतं ना, त्या तुझ्या लाडक्या वाग्नरचं आयुष्य आणि त्याच्या ऑपेरांवर, ते मराठी मंडळाने थांबवलं. कुणीतरी निनावी पत्र पाठवलं आहे, सही ‘एक हितचिंतक’. देवांश सेक्रेटरी तिला फोनवर म्हणाला की मॅडम, आमचा नाइलाज आहे, तीस तारखेच्या मीटिंगपर्यंत होल्डवर ठेवतो. पत्रात म्हणे लिहिलंय की हा जर्मन माणूस ज्यूंचा द्वेष करायचा, हिटलर त्याच्या संगीताचा भक्त होता, आणि आपल्या मुलाबाळांसमोर त्याचा उदोउदो कशाला.

नुसतं व्याख्यान असतं तर मी एवढी कासावीस झाले नसते. जर्मनीतल्या संगीत विद्यालयाच्या त्या बाई त्याच दिवशी तिला ऐकायला येणार आहेत. त्यांना पसंत पडलं तर तिकडे दोन वर्षांचा अभ्यास, तोही शिष्यवृत्तीवर. व्याख्यान नाही तर बाई नाहीत, आणि ही शाळेत सातवीच्या पोरांना सा रे ग म शिकवत म्हातारी होणार.

मला मुनिबाचा संशय येतो. पर्णिकाच्या व्याख्यानात पियानो वाजवणारी ही मुलगी पंधरा दिवस तोंड पाडून बसते आहे. भाषणात त्याचा उदोउदो आहे हे खर्डा वाचल्याशिवाय कुणाला कळणार, आणि तो वाचलेली माणसं तीनच: मी, तू आणि ती. पत्र मराठीत आहे, आणि मुनिबा दापोलीच्या मराठी शाळेत शिकलेली. शिवाय व्याख्यान रद्द झालं तर तिचा एकटीचा पियानो ठेवू, असं देवांश बोलून गेला. तुझ्या शेजारची पोर आहे, तुला काय वाटतं ते कळव. रविवारी जेवायला येशील तेव्हा मात्र यातलं अवाक्षर काढू नकोस. लोभ आहेच, त्यात कमी पडू देऊ नकोस.

तुझी
सुलू

रोल्ला, शारजा
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चि. सुलू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. जिवाला लावून घेऊ नकोस, तुझं बीपी आधीच वर आहे.

एक लक्षात घे, तो वाग्नर माणूस होताच तसा. उठावात सामील झाला म्हणून देश सोडून पळाला, वर्षानुवर्षं परागंदा राहिला. त्याचीच ऑपेरा बसवणाऱ्या मित्राची बायको घरी आणली. एका तरुण राजाला असं वेड लावलं की त्याच्या जिवावर स्वतःचं थिएटर उभारलं, तिथे फक्त स्वतःचीच ऑपेरा. आणि ज्यूंवरचं ते गरळ आधी खोट्या नावाने छापलं, मग एकोणीस वर्षांनी, भर घालून, स्वतःच्या नावाने. इस्रायलमध्ये अजून त्याचं संगीत जाहीर वाजवायचं म्हटलं तरी लोक उठतात. संगीत मात्र असं की जबल अलीत स्टोअरकीपर असताना आमच्या जर्मन इंजिनियरने कॅसेट दिली, तेव्हा मी गोडाऊनमध्ये खोक्यावर बसून राहिलो होतो. तीच कॅसेट मी पर्णिकाला तिच्या सहाव्या वर्षी ऐकवली. तेव्हा दोष द्यायचाच तर मला दे.

मुनिबाबद्दल मी काय बोलू? शेजारधर्म आहे. पण पत्राचा फायदा कुणाला, हा तुझा प्रश्न अगदीच चुकीचा नाही. सांभाळून राहा एवढंच म्हणेन. आणि व्याख्यान नाही झालं तर आभाळ कोसळत नाही. पोरीची नोकरी चांगली आहे, तुम्ही दोघी इथे सुखात आहात. मामाचा जीव तुमच्यात अडकलेला आहे, तेवढं ध्यानात असू द्या.

तुझा
बापू

मोहम्मद बिन झायद सिटी
गुरुवार, २३ ऑक्टोबर २०२५

ती. बापूदादास,
शि. सा. न. वि. वि.

दिवाळी झाली म्हणायची. तू रविवारी आलास तेव्हा पर्णिका आतून आली नाही, त्याचं कारण तुला डोकेदुखी सांगितलं. ते खरं नव्हतं.

शनिवारी मुनिबा आली होती. तिच्या आईने, बिलकीसने, आपल्यासाठी डबा पाठवला होता. मी तिला दारातच विचारलं की हितचिंतक म्हणजे तूच ना. सांभाळून राहा असं तू लिहिलंस, तेव्हा मला वाटलं की तुलाही काही कळलं असणार. तिने डबा चपलांच्या कपाटावर ठेवला आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने गेली. सातवा मजला, दादा.

पर्णिका म्हणाली, अनबिलीव्हेबल, आई. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. मुनिबा तोंड पाडून बसायची ती त्या दोघींचं भांडण झालं होतं म्हणून, एवढंच सांगते. कशावरून, ते सांगत नाही. आता मलाच माझी शंका येते. पण मुनिबा नाही तर कोण? देवांश? पर्णिकाच्या शाळेत शिकवणारी ती अस्मी? बाजारात कुणी ओळखीचं हसून बोललं तरी मी त्याच्या तोंडाकडे बघत राहते.

तू तरी माझ्यावर रागावू नकोस.

तुझी
सुलू

रोल्ला
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

चि. सुलू हिस,
अनेक आशीर्वाद.

हे तू फार वाईट केलंस. माझ्या पत्रावरून केलंस हे वाचून मला दुकानात उभं राहवेना. आजच्या आज मुनिबाला फोन कर आणि माफी माग. ते पत्र तिने लिहिलेलं नाही, हे मी खात्रीने सांगतो. बिलकीस काल मला जिन्यात भेटली, सलाम केला आणि बाजूने निघून गेली. जास्त लिहवत नाही. प्रकृतीला जप.

बापू

मोहम्मद बिन झायद सिटी
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

ती. बापूदादास,
न. वि. वि.

मुनिबाला फोन केला. उचलला नाही.

काल देवांशने त्या निनावी पत्राची प्रत पर्णिकाला पाठवली, आज संध्याकाळच्या मीटिंगआधी तिचं उत्तर हवं म्हणून. तिने ती टेबलावर माझ्यासमोर टाकली आणि शाळेत गेली. तेव्हा मी ते पत्र पहिल्यांदा वाचलं. छापलेलं आहे, अक्षर ओळखायचा प्रश्नच नाही. पहिली ओळ अशी आहे: ‘आपल्या मंडळात चि. पर्णिका हिचे व्याख्यान योजले आहे, ते रद्द करावे.’

चि. पर्णिका.

मंडळाच्या पत्रिकेत तिला कुमारी लिहितात. देवांश मिस लिहितो. मुनिबा नुसतं पर्णिका. जिचं वाईट करायचं तिला चिरंजीव हो म्हणून मग कुणी पाठीत सुरा घालतं का? या जगात तिला चि. लिहिणारी माणसं आता दोनच उरली आहेत. एक मी. मी हे पत्र लिहिलेलं नाही.

तुझ्या खात्रीचं कारण मला कळलं, दादा. तू दुसऱ्याच्या पोरीवर आळ येऊ दिलास, आणि मी मूर्खासारखी तो तिच्या तोंडावर फेकला. आमचे हे गेल्यावर मी आणि पर्णिका तुझ्या भरवशावर या देशात राहिलो. तू का केलंस तेवढं लिही. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं आहेस.

सुलक्षणा

रोल्ला
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. सुलू हिस,
आशीर्वाद. घ्यायचे की नाहीत ते तू ठरव.

मीच लिहिलं. तुझं पत्र गुरुवारी साडेचारला मिळालं, सातला मी ऊद मेथ्यात मीटिंगमध्ये उभा होतो. हितचिंतक तो मी, असं सांगितलं आणि त्यांच्याकडच्या प्रतीवर सही केली. देवांशने मला पाणी आणून दिलं.

का, ते ऐक. तू पर्णिकाच्या व्हिसावर राहतेस. ती जर्मनीला गेली की तिचा व्हिसा संपला, म्हणजे तुझाही. तू चिपळूणला जाणार. भाऊ म्हणून मी तुला स्पॉन्सर करू शकत नाही, व्हिसाचे अर्ज भरतात त्या टायपिंग सेंटरमध्ये दोनदा जाऊन विचारून आलो. तुझी वहिनी गेल्यापासून माझ्या आठवड्याला रविवार आहे तो तुमच्या घरामुळे. मी एकटा पडेन, हे मला तुमच्याजवळ म्हणवलं नाही. म्हणून वाग्नर वाईट आहे असं लिहिलं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता, त्यामुळे लिहिताना जड गेलं नाही. मुनिबाचं नाव निघालं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मला लाज वाटते.

शुक्रवारी बिलकीसच्या घरी गेलो. तिने चहा दिला आणि आत गेली. मुनिबा म्हणाली की अंकल, खलास, विषय संपला. पण दार लावताना तिने वर पाहिलं नाही.

पर्णिकाला हेच पत्र वाचायला दे. तोंडाने सांगायचं धाडस माझ्यात नाही. लोभ ठेव असं लिहायचं धाडसही होत नाही.

बापू

मोहम्मद बिन झायद सिटी
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

ती. बापूमामास,
पर्णिकाचा सा. न. वि. वि.

मराठीत लिहिते आहे, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आईने तपासून देऊ का विचारलं, मी नको म्हटलं.

मंडळाने व्याख्यान पुन्हा लावलं, तारीख तीच. मुनिबा वाजवणार आहे. ती आली, आईने तिचे हात धरले, दोघी रडल्या. सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. तुम्हाला हे माहीत असावं. आमचं भांडण कशावरून होतं तेही सांगते. वाग्नरच्या त्या द्वेषाच्या लिखाणाबद्दल माझ्या खर्ड्यात एकच वाक्य होतं. जर्मनीच्या बाई समोर असणार, म्हणून मी घाबरले होते. मुनिबा म्हणत होती की एवढ्यावर भागवणं हा खोटेपणा आहे. आता मी त्याला पाऊण तास ठेवला आहे, आणि तुमच्या त्या निनावी पत्रातला मजकूर जसाच्या तसा घेतला आहे. संगीतही वाजेल. लोकांनी दोन्ही एका बैठकीत ऐकावं.

मामा, मला राग आला आहे आणि तो लवकर जाणार नाही. तुम्ही मला बोलावून म्हणाला असतात की पर्णिका, जाऊ नकोस, मला एकट्याने राहवणार नाही, तर मी ऐकलं असतं. हे मी नुसतं म्हणायचं म्हणून लिहीत नाही. याच विद्यालयाने मार्चमध्ये मला जागा देऊ केली होती. आईच्या व्हिसाचं मला तेव्हाही ठाऊक होतं, आणि तुमच्या रविवारचंही. मी नाही म्हणून कळवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही. बाईंनीच पुन्हा विचारलं, म्हणून त्या येत आहेत.

या वेळी त्यांनी हो म्हटलं तर मी जाईन. बावीस तारखेला तुम्ही या, आईला घेऊन पुढच्या रांगेत बसा. माया आटलेली नाही, पण ती आता गृहीत धरू नका.

तुमची
पर्णिका