यादीतली दुसरी ओळ

मसुरे, रविवार, सायंकाळ

देवबागला माझा मित्र वसंता याच्या बाराव्याला जाऊन आलो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले; आज एका साध्या प्रश्नाचे उत्तर नीट देता आले नाही.

वसंताच्या लॅपटॉपवर लिनक्स ही मुक्त प्रणाली मीच घातली होती. गेल्या महिन्यात तिचे नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, चढवले, पण वायफाय चालवणारा कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर त्यावर मुद्दाम बसवला नाही; वायफाय बंद पडले. ज्याचा कोड वाचता येत नाही ते स्वीकारणे म्हणजे पारतंत्र्य, हा माझा सिद्धान्त. वसंता म्हणाला, "मास्तरा, तुझा स्वातंत्र्य ऱ्हवांदे. माका दुबयचा चेडू दिसाक होया!" दर रविवारी नातीला पडद्यावर पाहणे, एवढाच त्याचा त्या यंत्राशी संबंध. मुक्त पर्याय शोधतो, तोवर थांब, असे मी म्हणालो. तो थांबला.

तो ड्रायव्हर असलेले जुने कर्नल, लॅपटॉप सुरू करताना दिसणाऱ्या यादीत, दुसऱ्या ओळीवर होते. ते निवडताच वायफाय चालले असते. मी सांगितले नाही. का? वाद जिंकायचा होता?

आज दुबईहून आलेल्या त्याच्या नातीने विचारले, "मास्तरानु, आजो शेवटचे दोन रविवार कित्याक दिसलो नाय?"

"वायफाय बंद होते," मी म्हणालो.

विधान सत्य होते. ती दुसरी ओळ मात्र मी तिलाही सांगितली नाही.